निळ्याच्या बत्तीस पायऱ्या

परीच्या फाइलमध्ये चार मोजण्या होत्या. जन्मानंतरचा दुसरा दिवस, तिसरा, चौथा आणि पाचवा. हेमांगी बोरस्तेनं त्या पडद्यावर एकाखाली एक उघडल्या आणि निळ्या रंगाच्या रकान्याशी तिची नजर थांबली. दोन, दोन, दोन, दोन.

चार दिवसांत बाळाचा रंग तसूभरही बदलला नाही, असं यंत्राचं म्हणणं होतं. चारही वेळा डबीवर हिरवा दिवा लागला होता. सहाव्या दिवशी ते बाळ मागच्या बाजूला ताठ वाकलं, दूध ओढेनासं झालं. तालुक्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत कावीळ मेंदूपर्यंत गेली होती. आता परी आठ महिन्यांची होती आणि कानाशी ताट आपटलं तरी वळून बघत नव्हती.

हे २०३८ साली घडलं. नाशिकच्या एका छोट्या कंपनीनं बनवलेली ती डबी तेव्हा सातपुड्यातल्या आणि आसपासच्या डोंगरांतल्या चार हजार पाड्यांवर पोचली होती. तळहाताएवढी, उन्हावर चालणारी, नेटवर्कची गरज नसलेली. बाळाच्या छातीवर धरायची, बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर बाळ ठीक. लाल लागला तर कावीळ वाढते आहे, लगेच दवाखान्यात न्या. सुई टोचायला नको, रक्त काढायला नको. चित्र टिपून साठवण्याचा सगळा भाग हेमांगीनं केला होता. तिचा फोटो दोन वर्तमानपत्रांत आला होता.

फाइल उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात तिला काय झालं असावं ते कळलं.

कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्र यंत्राच्या स्मृतीत ठिपक्याठिपक्यांनी साठतं. एकेका ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. जागा भरपूर असेल तर प्रत्येक रंगाला आठ बिट देतात, म्हणजे दोनशे छप्पन्न पायऱ्या. तिन्हींचे मिळून चोवीस बिट. जागा कमी असेल तर सोळा बिटांत भागवायची एक जुनी रीत आहे. लालला पाच बिट, हिरव्याला सहा, निळ्याला पाच. हिरव्यातले फरक माणसाच्या डोळ्याला सगळ्यात जास्त कळतात म्हणून त्याला चौसष्ट पायऱ्या, बाकी दोघांना बत्तीस. फोटो बघणाऱ्याला सहसा काही जाणवतही नाही.

२०३५ साली मेमरीच्या चिपा मिळत नव्हत्या. हाताशी होती ती चिप लहान होती. बाळ हलतं, म्हणून डबी एका मोजणीसाठी चाळीस चित्रं घेऊन त्यांची सरासरी काढायची. चोवीस बिटांची सव्वीसच चित्रं त्या चिपेत मावत होती, सोळा बिटांची चाळीस मावली. हेमांगीनं सोळा निवडले. तिच्या जागी कुणीही इंजिनिअर असता तर त्यानं तेच केलं असतं, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

पण कावीळ निळ्या रंगातच कळते. रक्तात साठलेलं बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून कातडी पिवळी दिसते. म्हणूनच अशा बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. तो प्रकाश पिऊन बिलिरुबिन फुटतं आणि शरीराबाहेर पडतं. गोऱ्या बाळाच्या कातडीवरून परत येणारा निळा प्रकाश भरपूर असतो. कावीळ चढली की तो दोनशे छप्पन्नांपैकी एकशे चाळीसवरून शंभरावर येतो, आणि बत्तीस पायऱ्यांच्या मापातही पाच पायऱ्या उतरलेला दिसतो. सावळ्या, काळ्या बाळाच्या कातडीवरून निळा मुळात थोडाच परत येतो. तिथे तेवीसवरून सतरापर्यंतची घसरण जीवघेणी असू शकते. आणि बत्तीस पायऱ्यांच्या मापात सोळापासून तेवीसपर्यंत सगळं एकाच पायरीवर बसतं. दोन नंबरच्या.

शहरातल्या दवाखान्यांत एकशे बारा बाळांवर, बहुतेक गोऱ्याच, डबी तपासली होती, तेव्हा ती पास झाली होती. पाड्यांवरची चाचणी दुसऱ्या टप्प्यात होणार होती. तो टप्पा आलाच नाही, आणि कधी येणार असं तिनंही कुणाला विचारलं नाही.

"हेमांगी, काय निघालं?" संदेश चांदवडकर तिच्या टेबलाशी येऊन उभे होते. कंपनी त्यांची. माणूस वाईट नव्हता; तीन दिवस झोप न झाल्यासारखा दिसत होता. "चौकशी समितीला उद्या उत्तर द्यायचंय. यंत्र चुकलं की वापरणारं माणूस?"

निळ्याच्या शेजारचाच रकाना उजेडाचा होता. डबी दर मोजणीला आजूबाजूचा उजेडही नोंदवायची. किमान तीनशे लागतो. चारही दिवशी सहाशेच्या वर होता. मोजणाऱ्या बाईनं बाळाला उजेडात आणून, नीट धरून मोजलं होतं.

हेमांगीनं पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

"उजेड कमी असावा, सर," ती म्हणाली.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे काही विचारलं नाही. ते तीनच शब्द होते, आणि तिच्या अनुभवाच्या जोरावर त्यांचा अहवाल झाला: 'अपुऱ्या प्रकाशात मोजणी, वापरकर्त्याची चूक.' महिन्याभरात त्या पाड्यावरच्या आरोग्यसेविकेला कामावरून काढल्याचं पत्र कंपनीलाही माहितीसाठी आलं. त्यात तिचं नाव होतं. रमिला पावरा. हेमांगीनं पत्र वाचलं आणि फाइलला लावलं.

अहवालाला पाच महिने झाले. त्या काळात तिनं एक गोष्ट केली. नव्या डब्यांसाठी मोठी चिप मागवली, चित्र चोवीस बिटांत साठवलं, आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'सर्वसाधारण सुधारणा'. जुन्या चार हजार डब्यांबद्दल ती काही बोलली नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

नोव्हेंबरात मदतकेंद्राच्या मुलीनं तिच्याकडे एक आवाजी निरोप पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'मॅडम, ही बाई चौथ्यांदा फोन करतेय. टेक्निकलचं आहे म्हणते.'

हेमांगीनं तो डब्याच्या सुट्टीत ऐकला.

"नमस्कार. मी रमिला पावरा बोलते. मला कामावर परत घ्या म्हणून फोन नाही केला. मला फक्त सांगा, मी काय चुकले? मी बाळाला ओट्यावर घेतलं होतं, ऊन होतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसंच केलं. चौथ्या दिवशी मी तिचा डोळा उघडून बघितला, मला पिवळा दिसला. पण डबी हिरवी होती. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आपल्या अंदाजानं जायचं नाही, डबीचं ऐकायचं. मी डबीचं ऐकलं. मग चुकलं कुठे? तेवढं सांगा. आमच्याकडे अजून बाळं जन्मतात."

समोरच्या डब्यातली पोळी तशीच राहिली. अंदाजानं जायचं नाही, ही ओळ प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हेमांगीनंच घातली होती. तिला ती तेव्हा फार शास्त्रीय वाटली होती.

त्या रविवारी ती अण्णांकडे गेली. तिचे वडील, दिनकर बोरस्ते, यांनी चाळीस वर्षं छापखान्यात रंगीत छपाई केली होती. निवृत्त झाल्यावरही घरातल्या मागच्या खोलीत त्यांचं हातानं चालवायचं एक लहान मशीन होतं. तिचं वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी त्या खोलीच्या दारावर लावलं होतं.

"अण्णा, मला एक काम करून द्या," ती म्हणाली. "गडद तपकिरी रंगाचे तुकडे हवेत. एकावर पिवळं अजिबात नाही, पुढच्यावर थोडं, त्याच्या पुढच्यावर आणखी थोडं. अकरा तुकडे."

"कशाला?"

"बघायचंय काहीतरी."

त्यांनी दोन तास लावले. प्रत्येक थर वाळू दिला. मग तुकडे गंजिफांसारखे पिसले आणि चष्मा न बदलता, खिडकीच्या उजेडात, एकामागून एक ओळीनं लावून दाखवले. अकराच्या अकरा बरोबर. मागे लिहिलेले आकडे उलटून बघितले तेव्हा ते गालात हसले.

हेमांगीनं पिशवीतून जुनी डबी काढली. पहिल्या तुकड्यावर धरली. हिरवा. तिसऱ्यावर, हिरवा. सातव्यावर, हिरवा. अकराव्यावर तर कुणालाही लांबूनसुद्धा पिवळं दिसलं असतं. तिथेही हिरवा.

अण्णांनी डबी तिच्या हातातून घेतली. अकराव्यावर त्यांनी स्वतः तीनदा धरून बघितली.

"बिघडलीय का ही?"

"नाही. सगळ्या अशाच आहेत."

ते खुर्चीत बसले. तिनं त्यांना परीचं सांगितलं, निळ्या रकान्यातले चार दोन सांगितले, आणि मग 'उजेड कमी असावा' हे वाक्य सांगितलं. ते सांगताना तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ती मशीनच्या रुळाकडे बघत बोलली.

"पडद्यावर पिवळ्यात पायऱ्या पडतायत, असं मी म्हटलं होतं तुला," अण्णा म्हणाले. "डबी पहिल्यांदा घरी आणून तिचं चित्र लॅपटॉपवर दाखवलंस तेव्हा. सलग उतरायला हवं, मध्येच तुटतंय, असं म्हटलं होतं."

"हो."

"मग पुढच्या वेळी आणलीस तेव्हा नव्हत्या. मला वाटलं, दुरुस्त केलंस."

"दिसू नयेत असं केलं होतं," ती म्हणाली. "पडद्यावर दाखवताना बारीक ठिपके विखरून टाकले, म्हणजे पायरीची कड पुसट होते. आत साठलेलं तेच होतं. तुम्ही म्हणालात म्हणून मला राग आला होता, अण्णा. छापखान्यातला माणूस मला काय शिकवतो, असं वाटलं होतं."

हे तिनं कधी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आत्ता बाहेर किती आहेत अशा?"

"चार हजार."

"आज चालू आहेत?"

"हो."

"मग माझ्यापुढे बसून रडतेस काय? ऊठ."

सोमवारी सकाळी तिनं अकरा तुकडे आणि डबी संदेशसरांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्याच हातानं मोजायला लावलं. सातव्या तुकड्यानंतर ते थांबले.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पाच महिने."

"म्हणजे मी खोटा अहवाल दिला."

"मी दिला. तुम्ही सही केलीत."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "आपण असं करू," ते म्हणाले, "हळूहळू बदलून देऊ. सुधारित डबी म्हणून. लोक घाबरणार नाहीत, कंपनीही राहील. साठ माणसं आहेत इथे, हेमांगी."

पाच महिन्यांपूर्वी तिनं स्वतःशी अगदी हाच हिशेब केला होता, त्यामुळे त्यांच्यावर चिडायलाही तिला तोंड नव्हतं. "सर, मी सकाळी नऊला चौकशी समितीला पत्र पाठवलंय," ती म्हणाली. "रमिला पावरांच्या मोजण्या बरोबर होत्या, हे वर पहिल्या ओळीत लिहिलंय. सगळ्या जुन्या डब्या आजच्या आज बंद करायला सांगितलंय. तुम्हाला नंतर सांगतेय, कारण आधी सांगितलं असतं तर कदाचित मी पाठवलं नसतं."

डब्या बंद झाल्या. कंपनीवर चौकशी लागली. वर्तमानपत्रांत तिचा फोटो पुन्हा आला, तोच जुना, हसरा. साठ माणसांतलं कुणीच तिच्याशी भांडलं नाही; ती जेवायला बसली की टेबल फक्त रिकामं व्हायचं. तिनं राजीनामा दिला तेव्हा तो कुणी थांबवला नाही.

डिसेंबरात ती गाडी भाड्यानं घेऊन सातपुड्यात गेली. येते म्हणून आधी फोन केला होता. पलीकडून रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "या."

त्या चाळिशीच्या, उंच, कोरड्या आवाजाच्या बाई होत्या. घराच्या ओट्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांना त्या हात लावत राहिल्या. हेमांगीनं रस्त्यात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं.

"पत्र आलंय मला," शेवटी रमिलाबाई म्हणाल्या. "परत घेतो म्हणतात. चूक नव्हती म्हणतात. पण ते कागदावर. इथे कोण वाचतं? सहा महिने झाले, मला कुणी बाळंतपणाला बोलवत नाही. सुनकी माझ्या नात्यातली आहे, परीची आई. रस्त्यात दिसले की पोरीला पदराखाली घेते."

"मी काय करू, ताई?"

"जे माझ्या ओट्यावर बोललात ते सगळ्यांसमोर बोला."

मोहाच्या झाडाखाली तीस-चाळीस माणसं जमली. बायका एका बाजूला होत्या. सुनकी पुढेच बसली होती, वीस-बावीसची पोर, मांडीवर परी. परीच्या डोळ्यांत काजळ होतं आणि ती हेमांगीच्या चमकत्या घड्याळाकडे टक लावून बघत होती.

हेमांगीला पावरी येत नव्हती. तिथल्या बायकांना मराठी जेमतेम कळायची. मग तिचं बोलणं सांगणार कोण? दोन्ही भाषा नीट येणारं माणूस तिथे एकच होतं. रमिलाबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एकेक वाक्य बोला," त्या म्हणाल्या.

"डबी मी बनवली," हेमांगी म्हणाली. रमिलाबाईंनी ते पावरीत सांगितलं. "ती गोऱ्या बाळांवर तपासली. तुमच्या बाळांवर तपासली नाही." तेही सांगितलं. "रमिलाताईंनी सगळं बरोबर केलं. त्यांच्या डोळ्यांना खरं दिसलं होतं. माझी डबी चुकली." इथे रमिलाबाईंचा आवाज किंचित अडखळला. स्वतःची बाजू दुसऱ्याच्या शब्दांत आपणच सांगायची, हे त्यांना जड जात असावं. पण त्यांनी एक शब्द गाळला नाही.

सुनकीनं मान वर न करता काहीतरी विचारलं.

"ती विचारते," रमिलाबाई म्हणाल्या, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का?"

"परीला हे झालं तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. कळल्यावर मी खोटं बोलले. दोष रमिलाताईंवर ढकलला."

हे सांगून झालं तेव्हा पुरुषांच्या बाजूनं कुजबुज उठली. एक म्हातारा उठून निघून गेला. हेमांगीनं हात जोडले. "त्यांना सांगा, मी माफी मागते."

"ते मी नाही सांगणार," रमिलाबाई म्हणाल्या. "ते तिच्याकडे बघून तुम्हीच म्हणा. कळेल तिला."

हेमांगी खाली बसली, सुनकीच्या समोर, मातीत. "मला माफ कर," ती म्हणाली. सुनकीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग परीला उचलून खांद्यावर घेतलं आणि घराकडे चालू लागली. खांद्यावरून परी घड्याळाकडे बघत होती, वळण येईपर्यंत.

लोक पांगत होते, तेवढ्यात टेकडीपलीकडच्या पाड्यावरून एक आजी धापा टाकत आली. इथे काय चाललं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या सुनेला चार दिवसांपूर्वी मूल झालं होतं, ते सकाळपासून झोपूनच होतं. डबी बंद केलेली, कुणाला दाखवावं कळेना. मोहाखालच्या दोन बायकांनी एकदमच रमिलाबाईंकडे बोट दाखवलं.

रमिलाबाईंनी चपला घातल्या. हेमांगीची गाडी होती, म्हणून गाडीनं गेले. पलीकडच्या झोपडीबाहेर त्यांनी बाळाला उन्हात धरलं, अंगठ्यानं पापणी हलकेच वर केली, नाकाच्या शेंड्यावर, मग छातीवर, मग पोटावर बोट दाबून सोडून बघितलं. अर्धं मिनिट लागलं असेल.

"पोटापर्यंत उतरलीय," त्या म्हणाल्या. "चला."

तालुक्याच्या रुग्णालयात बाळाला वेळेत दिव्याखाली ठेवलं. रक्ताचा अहवाल आला. धोक्याची रेघ ओलांडायला थोडंच बाकी होतं, पण ओलांडली नव्हती. डॉक्टरीणबाई रमिलाबाईंना म्हणाल्या, "बरं झालं आजच आणलंत."

आजी बाहेरच्या बाकावर हेमांगीच्या शेजारी येऊन बसली. तिनं हेमांगीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि पावरीत काहीतरी पुटपुटू लागली. कळायला भाषा लागत नव्हती. हेमांगीनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला तर तिनं तो अधिकच घट्ट धरला.

"ताई," हेमांगी म्हणाली, "त्यांना सांगा ना. मी कोण ते."

रमिलाबाई दारात उभ्या होत्या. "आत्ताच?"

"हो."

रमिलाबाईंनी सांगितलं. फार लांबवलं नाही, दोन-तीन वाक्यंच. त्यात 'डबी' हा शब्द हेमांगीला ऐकू आला, आणि परीचं नाव.

आजीनं बोलणं थांबवलं. तिनं हेमांगीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातात धरलेल्या हाताकडे. मग तो हात उचलून हेमांगीच्या मांडीवर परत ठेवला, आणि बाकावरून उठून रमिलाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.